तीसच्या आत

६ जानेवारी

ढब्या,

साठीला टेकलास तरी मी तुला ढब्याच म्हणणार, तेव्हा नाक मुरडू नकोस. फोन करून उपयोग नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की आतल्या खोलीत ह्यांना सगळं ऐकू जातं. म्हणून कागद. मोबाइलवर लिही म्हणून सांगू नकोस. माझी बोटं सुईला सरावलेली, त्या काचेवर नुसती घसरतात.

तुझ्या भावोजींचे दोन्ही गुडघे गेलेत हे तुला ठाऊक आहेच. मागच्या फेब्रुवारीत जिना उतरले ते शेवटचे. तेव्हापासून तिसऱ्या मजल्याची खिडकी आणि त्यांची खुर्ची. आठवडाभर कारकुनी आणि रविवारी फुटबॉलचा पंच, अशी अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. आता खिडकीतून समोरच्या मैदानावर बघतात आणि "अरे फाउल आहे तो, फाउल!" म्हणून ओरडतात. खाली कुणी ऐकत नाही.

परवा चौघांनी खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. सर्जन म्हणाला, गुडघे बदलता येतील, काठी घेऊन चालतीलही. पण अंगात चरबी फार आहे, सदतीस टक्के, एवढ्या चरबीवर भूल द्यायची माझी तयारी नाही. "तीसच्या आत आणा, मग मी चाकू धरतो." मी विचारलं, बत्तीस चालेल का हो? तर हे माझ्यावरच डाफरले. "रेषा म्हणजे रेषा. चेंडू पुरता पलीकडे गेल्याशिवाय गोल देतात का?" सर्जनला हसू आलं. मला नाही आलं.

दर आठवड्याला मोजून घ्या म्हणतात. म्हणजे दर आठवड्याला चार माणसं आणि ती वरात. तू आयुष्यभर म्हाताऱ्यांची चरबीच मोजत आलास, त्याचा बहिणीला काही उपयोग होऊ दे. ह्यांना एकदा रस्त्यावरून स्वतःच्या पायांनी चालत जाताना मला बघायचंय. मग देवानं मला नेलं तरी चालेल.

ताई


१५ जानेवारी

ताई,

तुला कुठे न्यायचं ते देव ठरवेल, तू घाई करू नकोस. पार्सल पाठवतोय. आमच्या प्रयोगशाळेत नवी यंत्रं आली, जुन्यांतलं एक साहेबांना विचारून मागून घेतलं. दिसायला वजनकाटाच. त्यावर अनवाणी उभं राहायचं, हातात दोन दांड्या धरायच्या. अंगातून अगदी बारीक वीज जाते, भावोजींना कळणारसुद्धा नाही. पाण्यातून आणि स्नायूतून वीज सहज जाते, चरबी तिला अडवते. किती अडली ते बघून यंत्र आकडा सांगतं. चरबी ते बघत नाही, अंदाज करतं, हे लक्षात ठेव.

सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, लघवी करून आल्यावर उभं करायचं. दर रविवारी, त्याच वेळेला. वय आणि उंची आधी भरावी लागते. उंची भिंतीला टेकवून नव्याने घे. यंत्र उंचीवर फार विसंबून असतं आणि म्हातारपणी माणूस खचतो. आणि पायांवर सूज असेल तर तो आकडा धरायचाच नाही. सूज म्हणजे पाणी. यंत्राला पाणी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही.

पोटातलं सांगू? म्हाताऱ्या माणसाची चरबी नेमकी मोजणं कुणालाच जमलेलं नाही. मी तीस-पस्तीस हजार दंड आणि पोटं मापाच्या चिमट्यात धरली असतील. तरण्या माणसाची चरबी कातडीखाली असते, चिमट्यात येते. म्हातारपणी ती आत सरकते, आतड्यांभोवती बसते, स्नायूंत मुरते. बाहेर नुसती सैल कातडी हाती लागते. आणि ही सगळी गणितं मुळात कॉलेजातल्या पोरांवर बसवलेली. एकाच आजोबांना दोन यंत्रं सहा-सात टक्क्यांनी वेगळं सांगतात, हे आम्ही रोज बघतो.

पण तू घाबरू नकोस. आमचे साहेब म्हणतात, आकडा चुकला तरी उतार चुकत नाही. दर आठवड्याला थोडं खाली येत असेल तर आपण बरोबर चाललोय.

ढब्या


२ फेब्रुवारी

ढब्या,

यंत्र पोचलं. पहिल्या रविवारी ३६.८. दवाखान्यातल्या आकड्याला धरूनच आहे, म्हणजे तुझं मोडकं यंत्र काही अगदीच टाकाऊ नाही.

पण "उंची भिंतीला टेकवून घे" म्हणे! अरे, मला माप शिकवतोस? चव्वेचाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले मी. या गल्लीतल्या निम्म्या माणसांची मापं माझ्या वहीत आहेत, त्यांतली काही माणसं वर गेली तरी मापं आहेत. ह्यांचं तर पहिल्या पानावर, लग्नाच्या कोटाचं. उंची पाच-आठ. तेच टाकलं. दोन मिनिटं त्या यंत्रावर उभं राहायचं तर कळा येतात त्यांना, वर आणखी भिंतीशी उभं करून छळू का?

ह्यांनी दाराच्या मागे कागद चिकटवलाय. तीसवर तांबड्या शाईची रेघ, दर रविवारी एक टिंब. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी भाज्यांचं सूप आणि पावाचा एक तुकडा, संध्याकाळी एक सफरचंद. बस. मी म्हटलं, अहो एवढं नको, तर म्हणाले, "सामना सुरू झालाय, आता मैदानाबाहेरून बोलायचं नाही." मी स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभ्याने जेवते. त्यांच्यासमोर घास घशाखाली उतरत नाही.

तू एकदा तो तुझा चिमटा घेऊन ये ना. तुझ्या हाताचं माप मला यंत्रापेक्षा खरं वाटतं. आठ तासांचा तर प्रवास. तिकडून उंटावरून शेळ्या काय हाकतोस?

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

बरं बाई, चुकलो. शिंपिणीला माप शिकवायला गेलो.

यायचं म्हणतेस, पण सध्या जमेल असं दिसत नाही. नवी पाहणी सुरू झालीय, तीनशे म्हातारे-म्हाताऱ्या, आणि चिमटा धरणारा मी एकटा. पाहणी संपली की बघू.

भावोजींना अंडं दे रोज, दूध दे, डाळ दे. नुसत्या सूपवर ठेवू नकोस. खुर्चीत बसून उपास केला तर चरबीच्या आधी स्नायू जातात. हे त्यांना माझ्या नावाने सांग, आणि शिट्टी वाजवून सांग, म्हणजे ऐकतील.

ढब्या


२४ मे

ढब्या,

मधे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं आणि त्याला नजर लागेल असं वाटत होतं. ऐक आता. ३२.४!

पहिले दोन महिने नुसतं रडतखडत चाललं होतं. छत्तीस, साडेपस्तीस, पुन्हा छत्तीस. एप्रिलपासून मात्र दर रविवारी खाली. आणि यंत्रावर ते स्नायूंचं दुसरं घर आहे ना, तो आकडा वर चाललाय. तीन किलो वाढले स्नायू! अंडं एकच खातात, ते पण पांढरंच, पिवळ्यात चरबी असते म्हणे. पण लागू पडलं बघ. पायजम्याची कंबर दोनदा आत घेतली, आणि खाली पोटऱ्यांना तंग होतो म्हणून शिवण उसवून सैल केला. "बघ, पंचाच्या पोटऱ्या परत आल्या," म्हणून हे मांडीवर थाप मारतात.

आता दुपारी फार झोपतात. बोलता बोलता मान पडते. पण मन खूश आहे. काल मला विचारत होते, चालायला लागलो की आधी कुठे जायचं? मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे, अवतार बघा जरा आरशात. खूप हसले आणि मग बराच वेळ धाप लागली.

चिमटा घेऊन येतोस का? हे सारखी तुझी आठवण काढतात.

ताई


२ जून

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा तेवढा झाला नाही.

शहात्तराव्या वर्षी, खुर्चीत बसून, अर्धपोटी राहून कुणाच्या अंगावर तीन किलो स्नायू चढलेले मी आजवर पाहिलेले नाहीत. भावोजींची नडगी बघ. हाडावर अंगठा ठेवायचा आणि दहा म्हणेपर्यंत दाबून धरायचा. अंगठा उचलल्यावर खड्डा राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने, यंत्र उचलून कोपऱ्यात ठेव आणि त्यावरचा एकही आकडा खरा धरू नकोस. खड्डा नसेल तर भावोजी पराक्रमी आहेत आणि मी मूर्ख आहे. मूर्ख ठरलो तर मला चालेल.

मीच आलो असतो. पण इथला भार तुला सांगितलाय.

ढब्या


११ जून

ढब्या,

दाबून बघितलं. काही नाही. पाय चांगले आहेत.

काल ३१.६. रेघेला दीड टक्काच राहिला आणि तुला आता शंका सुचायला लागल्या. ये म्हटलं तेव्हा तुझ्यावर भार. मग कागदावरून माझ्या नवऱ्याच्या नडग्या दाबत बसू नकोस.

ताई


२० जून

ताई,

तू बघितलंस म्हणजे झालं. माप घेण्यात तुझा हात कुणी धरणार नाही. मनावरचं ओझं उतरलं. भावोजींना माझा नमस्कार सांग, आणि तीसच्या आत आले की त्या कागदाचा फोटो कुणाकडून तरी पाठव. इथे सगळ्यांना दाखवीन.

ढब्या


५ ऑक्टोबर

ढब्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता फाडणार नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी २९.७ आला. हे रडले. त्यांची आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मंगळवारी चौघांनी खुर्चीतून खाली नेलं. धुतलेला पांढरा शर्ट, दाढी केलेली, मांडीवर तो कागद गुंडाळी करून. सर्जन यायच्या आधी एक पोरगेलीशी डॉक्टर आली. तिने पायजमा वर केला, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. पाव इंच खड्डा. तो खड्डा तसाच राहिला, आणि ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली.

हृदय थकलंय. किती महिन्यांपासून, ते कुणी सांगत नाही. अंगात पाणी साचत होतं आणि आपण त्याला स्नायू म्हणत होतो. तिथेच ठेवून घेतलं. औषधं देऊन पाणी काढलं, पंधरा दिवसांत नऊ किलो निघालं. सगळं निघाल्यावर मोठ्या यंत्राखाली झोपवून तपासलं, तेव्हा कळलं. अडतीस टक्के. आठ महिने उपाशी राहून अडतीस, ढब्या. जे वजन गेलं त्यात चरबीपेक्षा मांसच जास्त गेलं. दंड बघवत नाहीत.

आता माझं ऐक. मी नडगी दाबून बघितली होती. तुझं पत्र आलं त्याच दुपारी, हे झोपलेले असताना. खड्डा राहिला होता. मी दहा नाही, वीस आकडे मोजले, तरी राहिला. मला वाटलं, दीड टक्काच तर उरलाय. एकदा ऑपरेशन होऊ दे, मग दवाखान्यातच आहोत, सूजही बघतील. आधी बोलले तर सर्जन नाही म्हणेल आणि ह्यांचं पाऊल कायमचं घरात राहील. झाकली मूठ म्हणून बसले. आणि उंची. दवाखान्यातल्या नर्सने पट्टीवर घेतली, पाच फूट पाच. तीन इंच कुठे गेले ह्यांचे? मी रोज त्यांच्या शेजारी उभी असायची, चव्वेचाळीस वर्षं मापं घेतली, आणि घरातल्या माणसाचं माप परत घ्यावं असं मला एकदाही वाटलं नाही. तू लिहिलं होतंस. तेच तर सहन होत नाही.

आता घरी आणलंय. गुडघ्यांचं ऑपरेशन होणार नाही, कधीच. सर्जन त्यांना म्हणाला, "आधी हृदय बरं होऊ दे." त्याने बिचाऱ्याने चांगुलपणाने म्हटलं. ह्यांनी त्याचा अर्थ काढला, सामना पुढे ढकललाय. हृदयाचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, खायला घाला, जे मागतील ते घाला, असेच राहिले तर महिना काढणार नाहीत. पण हे खात नाहीत! अर्धी वाटी सूप, बस. ताट पुढे केलं की म्हणतात, "तीसच्या आत आलोय, आता घालवू का?"

आकडा खोटा होता असं सांगितल्याशिवाय ते जेवणार नाहीत. आणि मला सांगवत नाही. तोंड उघडते आणि औषधाची वेळ झाली म्हणून उठते. यंत्र तुझं आहे. तू ये आणि त्यांना सांग. या वेळी भार सांगू नकोस, ढब्या. हात जोडते.

ताई


१० ऑक्टोबर

ताई,

सोळा तारखेला दुपारी पोचतो. तिकीट काढलंय.

येण्याआधी तुला एक सांगायला हवं, नाहीतर दारात बघून तुला धक्का बसेल. माझे हात थरथरतात. दोन वर्षं झाली. आधी उजवा, आता दोन्ही. चिमटा माझ्याकडून केव्हाच काढून घेतला, मी सध्या सामानाच्या खोलीत बसतो, हातमोजे आणि कागद मोजून देतो. कुठली पाहणी नाही आणि माझ्यावर कसला भार नाही. फेब्रुवारीत तू बोलावलंस तेव्हा वाटलं, भावोजींसमोर चिमटा काढायचा आणि तो नाचताना त्यांनी बघायचा, त्यापेक्षा न गेलेलं बरं. मे महिन्यात तू पोटऱ्यांचं लिहिलंस तेव्हा मला कळलं होतं, ताई. शंका नव्हती, कळलंच होतं. हजारदा पाहिलंय मी ते. उघडपणे सूज आहे म्हणालो असतो तर यावं लागलं असतं. म्हणून तुलाच दाबून बघायला सांगितलं आणि तू नाही म्हणालीस तेव्हा सुटलो असं वाटलं.

साहेबांचं ते उताराचं वाक्य होतं ना, तेही मी अर्धंच सांगितलं होतं. तरुण आणि धडधाकट माणसाबद्दल बोलत होते ते.

तू मला घरात घेतलं नाहीस तरी मी भावोजींना भेटून जाईन.

ढब्या


२१ ऑक्टोबर

ताई,

निघताना तू विचारलंस, आत काय बोलणं झालं, आणि मी बसची वेळ झाली म्हणालो. तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. आता लिहितो.

तुला बाहेर पाठवलं त्यांनीच. मग म्हणाले, "बोल. इतक्या लांबून गप्पा मारायला आलेला नाहीस." मी सांगून टाकलं. आकडा खोटा होता, अंगात पाणी होतं, यंत्रात उंचीही जास्त भरलेली होती. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी रेघेच्या आत होतो की बाहेर?" मी म्हटलं, बाहेर. "कधीच आत नव्हतो?" कधीच नाही. खिडकीतून मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, "चिमटा आणलायस? मोज."

मी म्हटलं, भावोजी, माझे हात बघा. त्यांनी बघितले. त्यांनी पांघरुणातून स्वतःचा हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं. म्हणाले, "आता मोज." त्यांच्या हातात जोर नव्हता, पण धरून ठेवलं त्यांनी. दंडाची मागची बाजू, मग पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली. कातडी नुसती हातात आली. मी आकडा सांगितला, आणि हेही सांगितलं की तुमच्या वयाला या आकड्याचा काही भरवसा नाही. "मग भरवशाचं काय आहे?" म्हणाले. मी चिमटा मिटून खिशात ठेवला.

मग विचारलं, उंची कुणी घातली? मी म्हटलं, मी. यंत्र पाठवतानाच अंदाजाने भरून पाठवली होती. तू काही बोलू नकोस आता. माझ्याकडे पुष्कळ आहे, त्यात आणखी एक जड नाही.

जेवा म्हणून विनवलं. "आता खाऊन करायचंय काय?" म्हणाले आणि भिंतीकडे वळले. एवढंच झालं.

ढब्या


६ नोव्हेंबर

ढब्या,

निरोप धाडला तेव्हा नुसतं "गेले" एवढंच कळवलं. बाकीचं हे.

तू गेल्यावर सात दिवस हे भिंतीकडे तोंड करून होते. औषध घ्यायचे, पाणी प्यायचे, बाकी काही नाही. आठव्या दिवशी तुझं पत्र आलं. तू उंचीचं स्वतःवर घेतलंस ते वाचलं आणि मला राहवेना. सरळ आत गेले, कॉटवर बसले आणि सांगितलं. म्हटलं, ढब्या खोटं बोलला. उंची मी घातली, वहीतली. सूज मला जूनपासून माहीत होती. तुम्हाला आठ महिने उपाशी ठेवलं ते मी.

वाटलं, आता तोंड बघणार नाहीत माझं. तर हळूच वळले आणि म्हणाले, "अगं, पाच-आठ म्हणालीस ते ऐकलं होतं की मी. ढब्याला नुसतं विचारून बघितलं. खचलोय हे मला काय कळत नव्हतं? शर्टाच्या बाह्या पंजावर यायला लागल्या तेव्हाच कळलं. पण तुझ्या तोंडून पाच-आठ ऐकून बरं वाटलं. म्हणून गप्प बसलो." मी विचारलं, आणि सूज? म्हणाले, "पाय कुणाचे आहेत? तू स्वयंपाकघरात असलीस की मीच दाबून बघायचो. वाटायचं, तुला कळलं तर तू ऑपरेशन होऊ द्यायची नाहीस."

रेषा म्हणजे रेषा म्हणणारा माणूस! मी म्हटलं, अहो पंच, तुम्ही सुद्धा? आधी ते हसले, मग मी हसले, आणि मग दोघंही हमसून हमसून रडलो. ओरडले असते तर परवडलं असतं रे. एका घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही एकच पाय दाबत होतो.

रडणं झाल्यावर म्हणाले, "भूक लागलीय. काय केलंयस?"

नऊ दिवस जेवले. पहिल्या दिवशी दोन घासांत दमले, मग वाढत गेलं. पिवळ्यासकट अंडं, साईसकट दूध, लोण्यात परतलेला बटाटा. मीठ डॉक्टरांनी बंद केलं होतं, तर "हे काय अळणी" म्हणून रोज कुरकुर. मी माझं ताट तिथेच कॉटवर घेऊन बसायची. नऊ महिन्यांनी आम्ही एकत्र जेवलो. यंत्र मी कपाटाच्या मागे टाकलंय, तू न्यायला येऊ नकोस, भंगारवाल्याला देईन.

तू आलास ते बरं केलंस. मे महिन्यात यायला हवं होतंस. आणि जूनमध्ये मी खरं लिहायला हवं होतं. तुला दोष देऊन मला हलकं वाटत नाही, माफ करूनही वाटत नाही, म्हणून दोन्ही करत नाही. तुझ्या हातांबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते मात्र खरंखरं लिहून पाठव. आपल्या दोघांत आता लपवायला काही उरलेलं नाही.

दोन तारखेला दुपारी वाटीभर बटाटा संपवला आणि वाटी पुढे करून म्हणाले, "अजून आहे का?" मी आत गेले. भांड्याच्या तळाला होता तो खरवडून घेतला, वर लोणी घातलं. परत येईपर्यंत मान कलली होती. चमचा अजून हातात धरलेला. भरलेली वाटी माझ्या हातातच होती. मग त्यांच्या शेजारी बसून मीच ती संपवली. त्यांनी मागून घेतलेलं होतं, टाकवेना.

ताई